सोळा तासांचा उपवास आणि मुलीची थांबलेली पाळी

प्रश्न (सांगलीहून एक आई):
माझी मुलगी १७ वर्षांची आहे, बारावीत. जूनपासून तिने दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्याच वेळात खायचे, असा नेम धरला आणि सुरुवातीला मीच तिचे कौतुक केले, कारण आमच्या घरी चतुर्थी, एकादशी हे उपवास होतातच. परवाच्या संकष्टीला मात्र चंद्रोदय नऊनंतर होता. आरती झाली, पाने वाढली, आणि मोदकाकडे बघत ‘आठ वाजून गेले’ एवढे म्हणून ती पानावरून उठली. मी आग्रह केला तेव्हा ती रडली. हल्ली ती धाकट्या भावासाठी रोज काहीतरी तळते आणि तो खाताना बघत बसते. दोन महिने पाळी आलेली नाही. वयाचे खूळ समजून सोडून द्यावे, की डॉक्टरांना दाखवावे?

उत्तर (आहारतज्ज्ञ, सातारा):
ताई, दाखवावे, आणि याच आठवड्यात. पाळी थांबण्याची इतर कारणेही तपासावी लागतात, पण शरीराला अन्न कमी पडू लागले की ते पाळी थांबवते. सोबत नाडी, रक्तदाब आणि रक्तातील पोटॅशियम पाहून घ्यावे.

भावाला खाऊ घालून बघत बसणे, हे मला अधिक काळजीचे वाटते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांना अन्नाखेरीज दुसरे काही सुचेना. काही जण पाककृती जमवू लागले, आणि पुढे पोटभर मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक भागेना. म्हणजे हा हट्ट नव्हे, उपासमारच मनाला असे वागायला लावते. २०२२ साली कॅनडातील किशोरवयीन आणि तरुणांच्या पाहणीत असा उपवास आणि खाण्याचे विकार यांचा संबंध आढळला. आधी काय सुरू होते, हे अशा पाहणीतून ठरत नाही, पण वाढत्या वयात हा नेम मी कोणालाही सुचवत नाही. संकष्टीचा उपवास चंद्र दिसला की सगळ्यांबरोबर सुटतो, तिचा सुटत नाही, हे तुम्ही अचूक टिपले आहे.

उत्तर (मिरज):
मी एकोणिसाव्या वर्षी यातून गेले. दिवसभर घड्याळ पाळायचे, रात्री दोनला अंधारात उभ्याने डब्यातले लाडू संपवायचे आणि शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी वीस तास उपाशी राहायचे, असे वर्षभर चालले. ‘किती बारीक झालीस’ हे कौतुक मला फार महागात पडले. घरात वजनाचा विषय पूर्ण बंद करावा, पाहुण्यांनाही आधीच सांगावे. जेवताना शेजारी बसावे, पण घास मोजू नयेत. बोलायला कोणी हवे असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून बोलता येते.

प्रश्नकर्ती:
काल विचारले. वजनकाट्याकडे पाठ करून उभी राहीन आणि आकडा मला सांगायचा नाही, या अटीवर ती यायला तयार झाली. शुक्रवारी सकाळची वेळ मिळाली आहे.