झेडएसएम-५: बाइंडर बदलला की निवडकता का बदलते?

मूसभट्टी यांचा प्रश्न:
मेथॅनॉलपासून प्रोपिलीन बनवायला एच-झेडएसएम-५ (सूक्ष्म छिद्रांचा, आम्लधर्मी झिओलाइट उत्प्रेरक) आहे, सिलिका-ॲल्युमिना गुणोत्तर २८०, तापमान ४७० अंश. पावडर दाबून, फोडून, चाळून घेतली की निकाल छान येतात. तीच पावडर ३० टक्के स्यूडोबोहमाइट (भट्टीत ॲल्युमिना होणारा बाइंडर, म्हणजे दाणा बांधणारा पदार्थ) घालून १.६ मिमीच्या डायमधून (छिद्राच्या साच्यातून) काढली की प्रोपिलीन घटतं, ॲरोमॅटिक (बेंझीनसारखी संयुगं) वाढतात, कोक (कार्बनचा थर) लवकर धरतो. म्हणून ॲल्युमिना सोडून ४० टक्क्यांचा सोडियमवाला सिलिका सोल (पाण्यात तरंगणारे सिलिकाचे अतिबारीक कण) घेतला, तर क्रियाशीलताच बसली आणि दाणे चिमटीत चुरतात. दोन्हींचं कॅल्सिनेशन (भट्टीत भाजणं) ५५० अंशांना, ५ तास. बाइंडर तर निष्क्रिय म्हणतात ना?

गॅमा_ॲल्युमिना:
निष्क्रिय वगैरे काही नसतं. पण आधी हे बघा की तुम्ही एका वेळी दोन गोष्टी बदलल्यात: बाइंडर आणि दाण्याचा आकार. एक्स्ट्रूडेट (डायमधून काढलेले दाणे) कुटून ०.२५ ते ०.४ मिमी चाळा आणि पुन्हा चालवा. प्रोपिलीन परत आलं तर दोष विसरणाचा (डिफ्यूजनचा). जाड दाण्यातून बाहेर पडेपर्यंत प्रोपिलीनची पुढची अभिक्रिया होऊन जाते. फीड (आत सोडलेलं मेथॅनॉल) झिओलाइटच्या ग्रॅमवर मोजा, एक्स्ट्रूडेटच्या नाही, कारण १ ग्रॅम दाण्यात झिओलाइट ०.७ ग्रॅमच आहे.

तरीही फरक राहिला तर ॲल्युमिना एकटंच कॅल्साइन करा, कोरडंच ७०:३० मिसळा आणि ते मिश्रण तपासा. ते पावडरसारखं वागलं, तर गडबड ओल्या मळण्यात किंवा भट्टीत झाली. माझा संशय भट्टीवर. इतक्या जास्त सिलिकाच्या झेडएसएम-५ मध्ये, वाफ असेल तर बाइंडरमधलं ॲल्युमिनियम सरकून जाळीत बसतं आणि नवी ब्रॉन्स्टेड (प्रोटॉन देणारी) आम्लस्थळं तयार होतात. गुणोत्तर ३० असतं तर जाणवलंही नसतं. २८० ला मुळात स्थळंच मोजकी, त्यामुळे थोडीशी भर पडली तरी हायड्रोजन-हस्तांतरण (रेणूंमधली हायड्रोजनची देवघेव) वाढतं आणि ॲरोमॅटिक व कोक त्याच्या मागोमाग. वाफ बाहेरून येत नाही, स्यूडोबोहमाइटचं स्वतःचं पाणी पुरतं. ट्रे गच्च भरू नका, पातळ थर पसरा, कोरडी हवा वाहती ठेवा, मिनिटाला १-२ अंशच चढवा.

अमोनिया टीपीडीवर (अमोनिया शोषवून, तापवून सुटलेला मोजण्याच्या आम्लता-चाचणीवर) विसंबू नका, ॲल्युमिनाही अमोनिया धरतं. पिरिडीन शोषवून आयआर (अवरक्त वर्णपट) घ्या: १५४५ प्रति सेंमीला ब्रॉन्स्टेड, १४५५ ला लुईस (इलेक्ट्रॉन-जोडी घेणारी स्थळं).

सोलवाला:
सिलिकाचं कोडं साध्या हिशोबात सुटतं. १ किलो कोरड्या मालात सिलिका ३०० ग्रॅम, म्हणजे सोल ७५० ग्रॅम. अशा सोलमध्ये सोडियम ऑक्साइड साधारण ०.४ टक्के, म्हणजे ३ ग्रॅम, म्हणजेच जवळपास ९७ मिलिमोल सोडियम. आता ७०० ग्रॅम झिओलाइट: २८० गुणोत्तराला ग्रॅममागे ०.१२ मिलिमोल ॲल्युमिनियम, एकूण ८३. आम्लस्थळांपेक्षा सोडियमच जास्त! क्रियाशीलता बसली नसती तरच नवल.

अमोनियम-स्थिर सोल घ्या. हातात सोडियमवालाच असेल तर कॅल्सिनेशननंतर १ मोलर अमोनियम नायट्रेट, ग्रॅमला १० मिली, ८० अंश, २ तास, असं तीनदा. धुणं, वाळवणं आणि पुन्हा कॅल्सिनेशन. शेवटी सोडियम मोजा. ०.०५ टक्के ऐकायला कमी वाटतं, पण इथे ते पाव स्थळं खाऊन टाकतं, ०.०१ च्या आसपास आणा. मात्र चुरणारा दाणा या धुण्यात चिखल होतो, त्यामुळे ताकद आधी. नुसत्या सोलचं मिश्रण निसरडं असतं, पकड येत नाही. सिलिकाचा काही भाग फ्यूम्ड सिलिकातून (अतिबारीक कोरड्या पुडीतून) द्या आणि मिथाइल सेल्युलोज (मळलेल्या मालाला पकड देणारं) २ टक्के घाला.

डायप्लेट:
ॲल्युमिनावरच राहायचं तर आधी २० टक्क्यांवर या. १ किलो कोरड्या मालासाठी: झिओलाइट ८७० ग्रॅम (८ टक्के ओल धरून), स्यूडोबोहमाइट २७८ (२८ टक्के प्रज्वलन-घट, म्हणजे भाजल्यावर उडणारं वजन), मिथाइल सेल्युलोज १५. नायट्रिक आम्ल ६५ टक्क्यांचं ६ ग्रॅम, पाण्यात मिसळून. पाणी एकूण ५७५ ग्रॅमच्या आसपास, पण आधी ५०० च घाला. उरलेलं मळता मळता, हाताच्या अंदाजाने. कोरडं १० मिनिटं, ओलं ३०-४० मिनिटं.

चकलीला काटा हवा, इथे नको. कडा फाटून काटे आले की माल कोरडा. दोऱ्या एकमेकींना चिकटून चपट्या झाल्या की पाणी जास्त. रात्रभर तशाच उघड्यावर ठेवा, मग ११०-१२० अंशांवर ४ तास. घाईत वाळवलं की तडे जातात. आम्ल वाढवलं की ताकद वाढते हे खरं, पण ॲल्युमिना जेल होऊन घट्ट बसतं आणि मधली छिद्रं बुजतात. झेडएसएम-५ ऐवजी बीटा किंवा वाय झिओलाइट असेल तर आम्ल झिओलाइटमधलंच ॲल्युमिनियम काढतं. तिथे ॲसिटिक बरं.

मूसभट्टी:
सोडियमचा हिशोब केलाच नव्हता. ॲल्युमिनावाल्या दाण्यावर फॉस्फोरिक आम्ल चढवून स्थलांतर थांबेल का?

गॅमा_ॲल्युमिना:
काही अंशी. फॉस्फरस ॲल्युमिनाशी बांधला जाऊन ॲल्युमिनियम फॉस्फेट होतं, पण तोच झिओलाइटमध्येही शिरतो आणि आम्लता कमी करतो. शिवाय तयार दाण्यावर चढवलात तर भट्टीत जे सरकायचं ते आधीच सरकलेलं असतं. पहिला घाणा अमोनियम सोलचाच काढा, आणि कुटलेल्या दाण्याची चाचणी त्याच्याही आधी.