दहावीनंतर एसी-फ्रिजचं काम: दोन वर्षांचा आयटीआय की तीन महिन्यांचा कोर्स?

गेजवाला
दहावी झालेल्या मुलांना हल्ली सर्रास सांगितलं जातं, "आयटीआयमध्ये दोन वर्षं कशाला घालवतोस? तीन महिन्यांचा कोर्स कर आणि सीझनला कामाला लाग." मला हा सल्ला घातक वाटतो. रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंग टेक्निशियन हा दोन वर्षांचा ट्रेड आणि त्यावर वर्षभराची अप्रेंटिसशिप, एवढं झाल्याशिवाय आजच्या मशीनचं गॅसचं सर्किट कुणी उघडू नये.

इव्हॅपोरेटर (थंड होणारं कॉइल) 5 अंशांवर असेल तर आर-22 या जुन्या गॅसच्या सक्शनला, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परत येणाऱ्या पाइपला, 70 पीएसआयच्या आसपास दाब दिसायचा. आर-410ए आणि आर-32 या नव्या गॅसना तोच 120 च्या आसपास असतो. आर-32 पेट घेऊ शकतो, आर-290 तर प्रोपेनच. त्यात कॉम्प्रेसरमधलं मिनरल ऑइल जाऊन पीओई हे सिंथेटिक ऑइल आलं. ते हवेतला ओलावा भराभर ओढतं. ओलावा आत राहिला की आम्ल तयार होतं आणि कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचं इन्शुलेशन खातं. म्हणून गॅस भरण्याआधी पंपाने सर्किटमधली हवा ओढून व्हॅक्युम 500 मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे व्हॅक्युमचं माप, आकडा जितका कमी तितकं आत कमी उरलेलं) न्यायचा, तोही डिजिटल गेज लावून. मग पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. आकडा थोडा चढून स्थिरावला तर ओलावा शिल्लक आहे, चढतच राहिला तर लीक आहे. मॅनिफोल्डच्या (नेहमीच्या काट्याच्या प्रेशर गेजच्या) काट्यावर यातलं काहीच कळत नाही. हे हाताला आणि डोक्याला बसायला तीन महिने कसे पुरणार?

भर_सीझन
तुम्ही सांगितलेलं सगळं बरोबर, पण ते आयटीआयमध्ये मिळतं हे गृहीत धरताय. बऱ्याच वर्कशॉपमध्ये आजही मुलांचे हात विंडो एसी आणि साध्या फ्रिजवरच फिरतात. इन्व्हर्टर एसीचा पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) फळ्यावर काढून दाखवतात. पॉवर बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये 300 च्या वर डीसी व्होल्ट उरलेले असतात. ते उतरल्याची मल्टिमीटरने खात्री करून मगच हात घालायचा, हे मुलगा साइटवरच शिकतो.

आणि घरची परिस्थिती? दोन वर्षं बिनपगारी शिकणं प्रत्येकाला झेपत नाही. फील्ड टेक्निशियनचा छोटा कोर्स करून नीट काम करणाऱ्या मेकॅनिकच्या हाताखाली दोन सीझन काढले तर मुलगा तयार होतो. फ्लेअर (पाइपचं तोंड पसरून नटाने केलेला जोड), ब्रेझिंग (पाइपला झाळ देणं), लीक टेस्ट ही हातानेच शिकायची कामं आहेत. पुढे अनुभवावर आरपीएलचं (आधी कामातून आलेल्या कौशल्याची परीक्षा घेऊन मान्यता) प्रमाणपत्रही काढता येतं. केंद्राच्या 2019 च्या कूलिंग अॅक्शन प्लॅनमध्ये 2022-23 पर्यंत एक लाख सर्व्हिस टेक्निशियनना प्रशिक्षण देऊन प्रमाणित करायचं उद्दिष्ट होतं. कामावरच्या माणसाला शिकवायचं हे त्यामागचं धोरण मला पटतं.

गेजवाला
हाताची कामं मान्य. पण "दाब कमी दिसतोय, गॅस टाक" ही सवय कुठून येते? हेल्पर म्हणून तेवढंच बघितलेलं असतं. सक्शनचा दाब कमी आणि सुपरहीट (वाफ झालेला गॅस उकळबिंदूच्या वर किती तापलाय ते) जास्त असेल तर गॅस कमी आहे किंवा कुठेतरी चोक आहे. दाब कमी आणि सुपरहीटही कमी असेल तर फिल्टर किंवा कॉइल तुंबलंय, ब्लोअर हवा फेकत नाहीये. दुसऱ्या प्रसंगात गॅस टाकलात तर लिक्विड कॉम्प्रेसरमध्ये जाऊन व्हॉल्व्ह मोडतात. सुपरहीट काढायला दाबावरून कोष्टकात सॅच्युरेशनचं (त्या दाबाला गॅस उकळण्याचं) तापमान बघायचं आणि ते सक्शन पाइपच्या तापमानातून वजा करायचं. हे कोष्टक आणि त्यामागचं शास्त्र वर्गात बसूनच पक्कं होतं. शिवाय इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग बदलतो, दाब बघून गॅस भरताच येत नाही. सर्किट रिकामं करून नेमप्लेटवरच्या ग्रॅमनुसार वजनकाट्यावर भरावा लागतो.

द्राक्षपट्टा
दोघंही घरगुती एसीवरच अडकलात. नाशिकची कोल्ड स्टोरेज आणि रत्नागिरीचे मासळी व बर्फाचे कारखाने यांना माणसं कोण देणार? तिथे गॅस म्हणून अमोनिया असतो. अमोनिया तांब्याला खातो, सगळं पायपिंग स्टीलचं. कॉम्प्रेसरचं तेल त्यात विरघळत नाही, जड असल्यानं तळाशी साचतं आणि वेळोवेळी काढावं लागतं. ऑइल ड्रेनचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून ऑपरेटर क्षणभर जरी बाजूला झाला, तरी तेल संपताच मागून अमोनिया येतो. तिथे हात सोडला की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्हच हवा. हे तीन महिन्यांत नाही, आणि खरं सांगायचं तर आयटीआयच्या दोन वर्षांतही पुरेसं होत नाही. अप्रेंटिसशिप अमोनिया प्लांटवरच मिळवा.

राइनकाठी
परदेशाचा विचार असणाऱ्यांसाठी. युरोपियन युनियनमध्ये एफ-गॅस (आर-410ए, आर-32 सारखे फ्लोरिनयुक्त गॅस) असलेलं सर्किट उघडायला प्रमाणपत्र सक्तीचं आहे, सध्याचा नियम 2024 चा. गळती तपासणी, गॅस रिकव्हरी, ब्रेझिंग असं सगळं परीक्षकासमोर करून दाखवावं लागतं. ब्रिटनचा कायदा वेगळा, पण प्रमाणपत्र तिथेही लागतं. भारतातला कुठलाच कागद थेट चालत नाही. मात्र गॅस हवेत न सोडता रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये घ्यायची आणि सिलिंडर 80 टक्क्यांच्या वर न भरायची सवय आधीच असेल, तर परीक्षा जड जात नाही.

भर_सीझन
रिकव्हरी मशीन आपल्याकडे किती दुकानांत आहे? घरगुती एसी दुरुस्तीला परवानाच सक्तीचा नाही, मग आयटीआयवाला काय आणि हेल्पर काय, गॅस हवेतच सोडतात. कोर्सच्या लांबीने हे बदलणार नाही.

एका गोष्टीवर मात्र माझा तुमच्याशी वाद नाही. लीक असलेल्या आर-32 मशीनचा पंप डाउन करताना, म्हणजे सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून घेताना, बाहेरची हवा कॉम्प्रेसरमध्ये ओढली गेली, तर आतल्या आत स्फोट होऊ शकतो. हे पहिल्याच आठवड्यात शिकवायला हवं, कोर्स कितीही लहान असो. तसंच लीक बघायच्या प्रेशर टेस्टला कोरडा नायट्रोजनच. ऑक्सिजन तेलाला भेटला की भडका.

गेजवाला
मग फी भरण्याआधी पालकांनी वर्कशॉप बघावं, आयटीआय असो की खासगी संस्था. रेग्युलेटरसकट नायट्रोजन सिलिंडर, मायक्रॉन गेज, वजनकाटा, रिकव्हरी मशीन, टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना (अर्धा इंची फ्लेअर नट साधारण 50 ते 60 न्यूटन-मीटरला आवळतात) आणि चालू स्थितीतला किमान एक इन्व्हर्टर स्प्लिट. ब्रेझिंग करताना पाइपमधून नायट्रोजन सोडतात का, हे विचारा. सोडत नसतील तर आत काळी खपली धरते आणि पुढे कॅपिलरी (सर्किटमधली गॅसची बारीक नळी) तुंबते. बरोबर उत्तर मिळालं नाही तर दुसरी संस्था शोधा. आणि दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. तीन महिन्यांच्या कोर्सवर ती वाट बंद आहे. सोळाव्या वर्षी मुलाला हे कुणी सांगत नाही, म्हणून मी इतका अडून बसलोय.

भर_सीझन
ज्याला पुढे डिप्लोमा करायचाय त्याने जरूर आयटीआय करावा. ज्याच्या घरी मार्चपासून पैसा लागणार आहे, त्याला मी छोटा कोर्सच सांगेन.