स्थळ पसंत आहे, पण ऑपरेशनचं कधी सांगू?

तळटीप_ठाणे
नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच लिहितेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

वय ३१. पाचपाखाडीला आईबाबांकडे राहते, वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघते. मार्च २०२२ मध्ये आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली. घराजवळच्या एका डॉक्टरांनी दाबून बघितली आणि म्हणाले, "या वयात साधीच असते, सहा महिन्यांनी दाखव." मीही खूश, सुटले म्हटलं. जूनपर्यंत ती लिंबाएवढी झाली. मग बायोप्सी, कॅन्सर निघाला, मग परळला टाटा हॉस्पिटल. आठ केमो, त्यातल्या पहिल्या चार त्या लाल औषधाच्या. जानेवारी २०२३ मध्ये ऑपरेशन: डावी बाजू पूर्ण काढली, काखेतल्या गाठीही काढल्या. नंतर खारघरला टाटाच्याच ॲक्ट्रेकमध्ये १५ वेळा रेडिएशन. एप्रिल २०२३ पासून, आजार उलटू नये म्हणून, टॅमोक्सिफेनची हार्मोन अडवणारी गोळी, २० मिलिग्रॅम, रोज रात्री साडेनऊला. निदान पाच वर्षं घ्यायची आहे, कदाचित दहा.

आता मुद्दा. मावशीने स्थळ आणलं. मुलगा कोपरखैरण्याचा, ३३ वर्षांचा, ऐरोलीला नोकरी. ३६ पैकी २६ गुण जुळले. (यातला एकही गुण पॅथॉलॉजी रिपोर्ट बघून देत नाहीत हे माझं नशीब.) एकदा घरी कांदेपोहे झाले, एकदा आम्ही दोघंच तलावपाळीला भेटलो. आवडला मला. पाणीपुरीवाल्याने एक पुरी जास्त दिली तर याने पैसेही जास्त दिले, असा माणूस आहे.

त्याला काहीच माहीत नाही.

आईचं म्हणणं, बरं झालंय तर उकरायचं कशाला. केस खांद्यापर्यंत आलेत, कोणाला कळणार? विचारलंच तर अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं म्हणून सांगू. मी म्हटलं, आई, अपेंडिक्स तिथे नसतं. तर ती रडायला लागली.

कांदेपोह्यांच्या दिवशी तिने माझ्या हातावरची स्लीव्ह काढायला लावली. काखेतल्या गाठी काढल्यापासून डावा हात सुजतो, म्हणून ती घट्ट बाही दिवसभर घालावी लागते. तीन तास बिनस्लीव्हची बसले, वर पोह्यांचा ट्रे. रात्री अंगठी बोटातून निघेना, साबण लावून काढली.

आणि दोरीवरचा प्रकार. ब्रामध्ये घालायला मी सुती दोऱ्याने विणलेला गोळा वापरते. सिलिकॉनचा उन्हाळ्यात घामाने नकोसा होतो, हा हलका असतो, हाताने धुता येतो. तर आई तो गॅलरीत वाळत घालते आणि वरून टॉवेल टाकते. दोन वर्षांत एकदाही तिने तो टॉवेलाशिवाय वाळू दिलेला नाही. पावसाळ्यात त्याला कुबट वास येतो, तरीही.

मला लपवायचं नाहीये. पण माझी ओळख तिथून सुरू व्हावी असंही वाटत नाही. रेडिएशनच्या वेळी ठाणे-पनवेल लोकलला मी दिव्यांगांच्या डब्यात चढायचे, कॅन्सर पेशंटना तिथे परवानगी असते. पहिल्याच दिवशी एका काकांनी हटकलं, "धडधाकट दिसतेस, इथे कशी?" फाइल दाखवली. आख्ख्या डब्याने उठून जागा दिली, आणि नेरूळपर्यंत कोणी माझ्याशी एक शब्द बोललं नाही. आधी भांडत तरी होते.

ताळेबंदात जे देणं पुढे होईल की नाही हे नक्की नसतं, ते आम्ही आकड्यांत धरत नाही, खाली तळटीप देतो. पण देतो. तर ही तळटीप तिसऱ्या भेटीत द्यायची की घरच्यांची बोलणी व्हायची वाट बघायची? रविवारी भेटतोय आम्ही. आणि मुलांचं काय सांगू? केमोच्या आधी मी एग्ज फ्रीझ केली होती, ११ आहेत, दरवर्षी त्यांचं भाडं भरते. पण गोळी चालू असताना पुढचं काही ठरवता येत नाही ना?

स्पष्टच_बोलतो
पहिल्याच फोनवर सांगून टाकायचं. दोघांचाही वेळ वाचतो. मी मुलगा असतो तर मला तेच बरं वाटलं असतं.

तळटीप_ठाणे
पहिल्या फोनवर त्याने मला "जेवलात का" विचारलं होतं. त्याला उत्तर म्हणून हे सांगायला हवं होतं का?

खारघर_सेक्टर१२
तुझ्या आधीची बॅच आहे मी. २०१८ ला निदान, तेव्हा २९ ची होते. लग्न आजारपणानंतर झालं. दोन स्थळं गेली. एकाने ऐकून घेतलं, चहाचे पैसे दिले आणि रिक्षात बसायच्या आत मला ब्लॉक केलं. दुसऱ्याची आई म्हणाली, आमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारून कळवतो. अजून विचारताहेत.

तिसऱ्याला दुसऱ्या भेटीत सांगितलं, दोघंच असताना, वाशीच्या मिनी सीशोरला. माझ्या अनुभवाने सांगते: आधी एकट्या मुलाला सांग, मोठ्यांसमोर अजिबात नको. मोठी माणसं समोर असली की मुलगा काही बोलायच्या आत एखादी आत्या बोलते. फाइल नेऊ नकोस, मी नेली होती आणि तो बिचारा अर्धा तास रिपोर्टमधले आकडे वाचत बसला. शेवटी त्याने एकच विचारलं, "गोळी सकाळी घेतेस की रात्री?" त्याच्या वडिलांना डायबेटिस, घरात गोळ्यांची वेळ सांभाळायचं काम याच्याकडे. आता माझी पण तोच काढून ठेवतो, माझ्या आधी त्याला आठवते.

मुलांचं. मी अडीच वर्षं टॅमो घेतली, मग डॉक्टरांच्या परवानगीने थांबवली, तीन महिने औषध अंगातून जाऊ दिलं, मग प्रयत्न. २०२२ च्या डिसेंबरात मुलगा झाला. दूध एकाच बाजूचं, पण त्याला ते माहीत नव्हतं, गुटगुटीत झाला. नंतर गोळी परत सुरू. माझ्या वेळी डॉक्टर जरा बिचकतच हो म्हणाल्या होत्या. २०२३ मध्ये पॉझिटिव्ह नावाचा अभ्यास छापून आला. ४२ वर्षांपर्यंतच्या पाचशेच्या वर बायका, दीड ते अडीच वर्षं गोळी घेऊन मग बाळासाठी जास्तीत जास्त दोन वर्षं थांबलेल्या. त्यातल्या साधारण चारांतल्या तिघींना दिवस राहिले, आणि तीनेक वर्षांच्या हिशोबात आजार उलटण्याचं प्रमाण न थांबलेल्या बायकांपेक्षा जास्त दिसलं नाही. पुढच्या वर्षांचा हिशोब अजून चालू आहे, आणि तुझी स्टेज बघून तुझे डॉक्टर वेगळं सांगू शकतात. एप्रिल २३ पासून घेतेयस म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं झालीच की. पुढच्या फॉलोअपला विषय काढ.

एक महत्त्वाचं, जे मला कोणी धड सांगितलं नव्हतं. टॅमोवर पाळी मागेपुढे होते, म्हणून दिवस राहणारच नाहीत असं धरू नकोस. राहू शकतात, आणि ही गोळी गर्भाला घातक असते. आपल्यासारख्यांना हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या चालत नाहीत, कॉपर-टी किंवा कंडोम.

काढा_घ्या
ताई, रोज अनशापोटी गुळवेल आणि गोमूत्र घ्या, गोळ्या हळूहळू बंद होतील. माझ्या ओळखीत

खारघर_सेक्टर१२
काका, तिची गोळी बंद करायची की नाही ते तिचे डॉक्टर बघतील. तुम्ही तुमचा काढा घ्या.

वकीलकाकू_नौपाडा
बाळा, अपेंडिक्स डोक्यातून काढून टाक. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम १२: लग्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट फसवून लपवली आणि त्यावर संमती घेतली, तर दुसरी बाजू लग्न रद्द करून मागू शकते. फसवणूक कळल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करायचा असतो. आजार त्यात मोडतो की नाही, कोर्टात काय टिकतं, हे केसगणिक बदलतं. पण लग्नानंतर चार महिन्यांनी सासूच्या हातात टाटाची फाइल पडली आणि मग दोन्ही घरं माझ्या ऑफिसात येऊन बसली, हे मी पाहिलंय. मुलगा चांगला होता त्यातला. त्याला आजाराचं काही नव्हतं, "मलाच का नाही सांगितलं" एवढंच धरून बसला होता.

आईला कायद्याची भीती घालू नकोस मात्र. तिला आधीच पुरेशी आहे.

वाशीकर_९
एक विचारू? जेनेटिक टेस्ट केलीस का? समोरून "मुलांना होईल का" हा प्रश्न हमखास येतो. माझ्या बहिणीच्या वेळी आला होता आणि तिच्याकडे उत्तर नव्हतं.

तळटीप_ठाणे
केली. वय कमी म्हणून डॉक्टरांनीच करायला लावली. बीआरसीए १ आणि २, म्हणजे हा कॅन्सर घराण्यात आणणारी जनुकं, दोन्ही निगेटिव्ह. धाकट्या बहिणीसाठी आईने तो कागद देव्हाऱ्यात ठेवला होता महिनाभर, कुंकू लावून. म्हणजे निगेटिव्ह रिपोर्ट दाखवायला चालतो, पॉझिटिव्ह बायोप्सी नाही.

तळटीप_ठाणे
बुधवार. सांगितलं रविवारी.

तलावपाळीला, गडकरी रंगायतनच्या बाजूच्या कट्ट्यावर. स्लीव्ह घालून गेले होते, वर अर्ध्या बाह्यांचा कुर्ता. त्याने पहिल्याच मिनिटाला बघितली आणि विचारलं, "बॅडमिंटन खेळता का?" पाठ केलेलं सगळं विसरले. "नाही, कॅन्सर झाला होता," एवढंच बाहेर पडलं. मग बाकीचं उलटसुलट, आधी गोळी, मग ऑपरेशन, मग गाठ. तो बोटींकडे बघत होता. मध्येच एक फुगेवाला आला, त्याला हाताने नको म्हणाला. माझं संपल्यावर विचारलं, "अजून दुखतं?" म्हटलं, दुखत नाही, छातीचा तेवढा भाग बधिर आहे, हात जड होतो. मुलांचंही सांगितलं, ११ एग्ज आणि त्यांच्या भाड्यासकट. तिथे तो जरासा हसला. मग म्हणाला, "आईला मी सांगू का तुम्ही सांगाल?"

याचं उत्तर मी तयार केलंच नव्हतं. तूच सांग म्हटलं. एकदम अरेतुरेवर आले, नंतर लक्षात आलं.

त्यानंतर मेसेज नाही. सोमवारी सकाळी गुड मॉर्निंगचं फूल तेवढं आलं, ते तो सगळ्यांनाच पाठवतो. मी फोन उलटा ठेवून रिटर्न भरतेय, वीस तारीख जवळ आलीये. आई माझ्याशी बोलत नाही, पण जेवायला वाढते आणि साडेनऊला पाण्याचा पेला आणून ठेवते. दोरीवर टॉवेल आहेच.

खारघर ताई, स्लीव्ह कुठून घेतेस? माझी सहा महिन्यांत सैल पडली, दंडावरून घसरते. माप परत घ्यावं लागतं की त्याच साइझची नवीन घेऊ?

खारघर_सेक्टर१२
माप परत घे, हात कमी-जास्त होतो. संध्याकाळी नको, सकाळी उठल्यावर सूज कमी असते तेव्हा. आणि एकदम दोन घे, एक धुवायला टाकली की दुसरी. रोज वापरली की सहा महिन्यांत इलास्टिक जातंच. दुकानाचं नाव मेसेज करते.