कोलच्या चित्रात बाजू कुणाची, रानाची की वावराची?

चित्रवेडा, संभाजीनगर: अमेरिकी चित्रकार टॉमस कोलचं ‘द ऑक्सबो’ (१८३६) हे चित्र मोठं करून बघा. डावीकडं रान, काळं आभाळ, मोडलेलं खोड. उजवीकडं कनेक्टिकट नदीचं वळण आणि लख्ख उन्हात आखीव शेतं. माझ्या मते चित्रकार रानाच्या बाजूनं आहे. पलीकडच्या डोंगरावर झाडतोडीचे चट्टे त्यानं मुद्दाम काढलेत. स्वतःला तर एवढंसं करून कड्यावरच्या खडकांत बसवलंय!

वावरकरी, परभणी: काहून? ऊन शेतावर पडलंय आन् तुम्ही म्हणता बाजू रानाची. चित्राच्या पूर्ण नावातच ‘वादळानंतर’ आहे. म्हणजे पाऊस होऊन उघाड पडलीय. आमच्याकडं मृगाचा पाऊस उघडला की माणूस वापसा आला का ते बघतो, मोडक्या झाडाकडं कोण बघतंय.

चित्रवेडा: दादा, ते खोड किती जवळून रंगवलंय बघा ना. शेतं मात्र लांबून, नकाशासारखी. त्याच वर्षी छापलेल्या अमेरिकी निसर्गावरच्या लेखात कोलनं कुऱ्हाडीनं चाललेल्या नासधुशीची खंत केलीय.

वावरकरी: अर्धाच लेख सांगू नका. आज लांडगा फिरतो तिथं उद्या नांगर चमकेल, असंही त्यानं त्यातच लिहिलंय, आन् तेही हौसेनं.

गोदाकाठ, नांदेड: तुम्ही दोघंही रान रिकामं होतं असं धरूनच भांडताय. हे खोरं नॉनोटक या तिथल्या मूळ लोकांचं. गोरे यायच्या आधीपासून ते तिथं मका पिकवायचे. चित्रात त्यांचा मागमूस नाही. किनवटचं जंगल रंगवायचं आणि त्यात कोलाम आदिवासींचं एकही घर नाही, तसंच हे. डावी बाजू ‘आदिम’ आणि उजवी ‘प्रगत’ ही वाटणीच मला खोटी वाटते. बाजू विचाराल तर ती नव्यानं जमीन घेणाऱ्यांची.

वावरकरी: ताई, जे काढलंच नाही त्यावरून अर्थ लावायचा म्हटलं तर कुठल्याही चित्राचा काहीही लावता येईल.

गोदाकाठ: काहीही कसा? १३१ बाय १९३ सेंटिमीटरचा कॅनव्हास आहे. चित्रकाराच्या छत्रीला जागा मिळाली, त्याला स्वतःला मिळाली. माणसांनाच नाही मिळाली?

चित्रवेडा: हे पटतं, ताई. पण ती माणसं गाळली म्हणून खोडाचं वजन कमी होत नाही. माझं मत रानाकडंच.

वावरकरी: आन् माझं वावराकडं. बाकी १८४० च्या पुरात नदीनं ते वळणच तोडून सरळ वाट काढली. तिला विचारा बाजू कुणाची!