मदत हवी आहे: डबाभर चिल्लरचं काय करू?

नमस्कार मंडळी,
आमच्या सासूबाईंना सवय आहे, भाजी-दूध आणून झालं की उरलेली नाणी देव्हाऱ्याखालच्या स्टीलच्या डब्यात टाकायची. परवा आवरताना तो डबा मला एका हाताने उचलेना. दोघींनी चादरीवर ओतून मोजलं, ४,३०० रुपये निघाले! बहुतेक एक-दोनची नाणी, थोडी दहाची, मूठभर आठ आणे आणि तळाशी हळदीने पिवळी झालेली चार आण्यांची नाणी.

बँकेत घेऊन गेले तर काउंटरवरच्या बाईंनी पिशवीकडे बघूनच मान हलवली. "मोजायला माणूस नाही, थोडे थोडे आणा." माझ्या माहितीप्रमाणे बँकेला नाणी नाकारता येत नाहीत, आणि शंभर-शंभरच्या पुड्या करून नेल्या तर त्यांनाही सोपं जातं. असं कुणी केलंय का? की सरळ मॅनेजरना भेटू?

वाण्याला विचारलं. तो एक-दोनची आनंदाने घेतो, पण दहाचं नाणं "चालत नाही" म्हणतो. चालतं हो, सगळ्या डिझाइनचं चालतं! आठ आणेही कायद्याने चालू आहेत, पण घेतं कोण? चार आणे मात्र २०११ च्या जूनअखेर बंद झाले, ते सासूबाई टाकू देत नाहीत.

आणि हो, या पैशांतून त्यांना नवा कुकर घ्यायचाय. साडेतीन लिटरचा पुरेल का चौघांना?