'कळफलक'मधली कळ नेमकी कुठली?

दादरकर: लेकीने शाळेच्या प्रकल्पात कीबोर्डसाठी 'कळफलक' लिहिलं. आई म्हणाली, "फलकाला कसली गं कळ येते?" हसलो सगळे, पण उत्तर मलाही देता आलं नाही. ही कळ कुठली? आणि टाइप करण्याला 'टंकणे' कुठून आलं?

फोर्टातला: कळ म्हणजे यंत्राचा खटका. दाबला किंवा फिरवला की दुसरीकडे काहीतरी हलतं. कळसूत्री बाहुलीतली कळ हीच, आणि कळीच्या मुद्द्यातलीही. कळीच्या नारदाची कळी मात्र निराळी, ती भांडणाची. पोटातल्या कळेचा या कशाशीच संबंध नाही.

'टंक'ची गंमत जास्त आहे. संस्कृतात टंक म्हणजे छिन्नी, तसंच ठसा मारलेलं नाणं. त्यावरून टंकशाला, म्हणजे आपली टांकसाळ. माझं ऑफिस रिझर्व्ह बँकेच्या बाजूला, रोज टांकसाळीवरूनच जातो. टाइपरायटरमध्येही धातूचा दांडा रिबिनीवर आपटून ठसा उमटवतो. म्हणजे ज्याने कोणी 'टंकलेखन' शब्द घडवला, त्याने यंत्र नीट बघितलं होतं.

गिरगावकर: आमच्या टायपिंगच्या क्लासात 'कळ' कोणी म्हणत नसे. 'की मार', 'बोटं उचलू नको', एवढंच. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिली तेव्हा मराठी यंत्रावर ख, ध, भ, श एका ठोक्यात उमटत नसत. आधी अर्धं अक्षर, मग काना. यंत्राला फक्त आकार कळायचा.

पुढे संगणकावर इन्स्क्रिप्ट ही कळांची नवी मांडणी आली आणि सगळं उलटं झालं. तिथे मांडणी उच्चाराची. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. 'क'च्याच कळीवर शिफ्टने 'ख', 'ग'च्या कळीवर 'घ'. बाराखडी पाठ असलेल्याला सोपं. माझ्या बोटांना मात्र जुनी खोड, मी अजून रेमिंग्टनवरच, म्हणजे टाइपरायटरच्या मांडणीवरच आहे.

फोर्टातला: म्हणजे 'टंकणे' टाइपरायटरसाठी चपखल आणि मोबाइलसाठी साफ खोटं. काचेवर आपटत काहीच नाही. पण माऊसचंही तेच झालं की. अमेरिकन संशोधक डग्लस एंगेलबार्टचा पहिला नमुना 1964 चा, लाकडी खोका, खाली दोन चाकं. 9 डिसेंबर 1968 ला सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी माऊस लोकांसमोर चालवून दाखवला. मागे वायर लोंबायची, ती शेपटी. आता वायर गेली, उंदीर राहिला.

मुलुंडकर: राहिला कुठे? 'मूषक' म्हटलं की मला थेट लालबागचा गणपती दिसतो आणि 'उंदीर' म्हटलं की कुर्ल्याचे रूळ. माऊसच बरा. 'टंकणे'सुद्धा मी इंटरनेटवरच वाचतो. ऑफिसात कोणाला 'जरा टंकून दे' म्हणून बघा.

मुलुंडकर (अवांतर): कीबोर्डला 'कुंजीपटल' हिंदीतून आलाय, तो नको. आपली किल्ली आहे की! पण 'किल्लीफलक' म्हणजे वॉचमनच्या केबिनमधली फळी वाटते.

दादरकर: सगळ्यांचे आभार. आईला वाचून दाखवलं. तिने व्हॉट्सॲपवरून डोकं वर काढलं आणि विचारलं, "मग ह्यात खटका कुठाय? कळ येते ती अंगठ्याला."