पुराची पिशवी भरून ठेवता का? (उल्हासकाठ, मुरबाड, शहापूरवाल्यांनी बोला)

नदीकाठचा
परवाच्या ग्रामसभेत ग्रामसेवकांनी सुचवलं, की पावसाळ्याआधी प्रत्येक घराने एक पिशवी भरून ठेवावी. कागदपत्रं, बॅटरी, औषधं, चार दिवस पुरेल असं कोरडं खाणं. मागून कोणीतरी ओरडलं, "आणि वर सरपंचांचा फोटो चिकटवा!" हशा पिकला आणि विषय तिथेच संपला. आमचं गाव उल्हास नदीच्या काठी, रायत्याच्या पुलाजवळ. मला काही हसू आलं नाही, म्हणून हा धागा.

मदत येते, नाही असं नाही. पण पाणी चढत असताना ती येत नाही, चढून झाल्यावर येते. 27 जुलै 2019 आठवा. महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये अडकली. हजारावर प्रवासी, एनडीआरएफच्या बोटी, नौदल, हेलिकॉप्टर, अख्खा देश टीव्हीला चिकटलेला. तरी सगळी माणसं उतरवेपर्यंत दुपार झाली. तिची ही गत, तर नदीकाठच्या दहा घरांच्या आळीकडे कोण कधी बघणार?

दुसरं म्हणजे आपल्याकडे पूर म्हटलं की एकच प्रश्न: "बारवी धरणाचं पाणी सोडलं का?" अरे, उल्हास लोणावळा-खंडाळ्याच्या डोंगरातून येते. कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर करत आपल्याकडे पोचते. माथेरानला रात्रभर कोसळला की तेच पाणी खाली येणार. आपल्या अंगणात ऊन पडलेलं असलं तरी येणार. म्हणून मी कुणाच्या भोंग्याची वाट बघत नाही. घाटाच्या वरून तिसऱ्या पायरीला पाणी लागलं की आई आणि पोरं वरच्या आळीत मामांकडे. मग रात्रीचे दोन वाजलेले असोत.

2005 ला आमच्या घरात छातीभर पाणी होतं. रेशनकार्ड, सातबारा, माझा दहावीचा दाखला, सगळ्याचा लगदा झाला. पंचनाम्याच्या वेळी आम्ही कोण हेच सिद्ध करता येईना. दोनशे रुपयांची पिशवी असती तर तलाठ्यापासून तहसीलपर्यंतच्या खेपा वाचल्या असत्या.

खडूस कल्याणकर
भरा पिशव्या. पुढच्या वर्षी म्हणतील होडी घ्या, त्याच्या पुढच्या वर्षी पोहायला शिका.

चेष्टा बाजूला ठेवतो. नदीला दोन पूररेषा असतात. निळी म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, असं कागद सांगतो. जाऊन बघा काठाने. भराव, चाळी, फार्महाऊस, गोडाऊन. नदीला पसरायला जागाच ठेवली नाही, तर ती तुमच्या ओटीवर येणार नाही तर काय करणार? आणि ज्याने भराव टाकला तो राहतो सातव्या मजल्यावर. त्याला कोणी म्हणत नाही पिशवी भर. तयारीची शिकवण नेमकी त्यालाच दिली जाते ज्याने काही केलेलं नाही. ही जबाबदारी ढकलणं आहे, आणि तुमच्यासारखी शहाणी माणसं त्याला टाळ्या वाजवतात याचं जास्त वाईट वाटतं.

नदीकाठचा
भरावाविरुद्ध अर्जावर माझीही सही आहे. ते प्रकरण ज्या वेगाने चाललंय ते बघता माझ्या नातवाला न्याय मिळेल. तोवर पाणी थांबणार आहे का?

खडूस कल्याणकर
हेच तर त्यांना हवं असतं. माणूस आपापली पिशवी घेऊन वर गेला की भरावाबद्दल विचारायला खाली कोण उरतं?

गावठी इंजिनियर
धागाकर्त्याचं बारवीबद्दलचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. धरण एमआयडीसीचं. दरवाजे स्वयंचलित आहेत, कोणीतरी बटण दाबून गावं बुडवतो हे डोक्यातून काढा. पातळी 72.60 मीटरला गेली की पाणी आपोआप वाहू लागतं. बारवी नदी उल्हासला बदलापूरच्या खाली मिळते, त्यामुळे बदलापुरात घुसलेल्या पाण्याचं खापर बारवीवर फोडण्यात फारसा अर्थ नाही.

पण रायतं त्या संगमाच्याही खाली येतं. म्हणजे तुमच्याकडे उल्हासही आणि बारवीही. त्यात कल्याणच्या खाडीला मोठी भरती असेल तर पाणी उतरायला आणखी वेळ. तेव्हा तिसरी पायरी ठीकच आहे, पण धरण भरल्याची बातमी आली की ती चौथी करा. आणि भरतीचं वेळापत्रक भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी लावा, फुकट मिळतं.

बाकी 'धरण फुटलं' असा मेसेज आला तर तो पुढे पाठवणाऱ्याचा फोन पहिल्यांदा पाण्यात टाकावा, असं माझं वैयक्तिक मत.

दुसरी पाळी
इथे सगळे पुरुष बोलताहेत म्हणून लिहिते. पिशवी कोण भरणार? मी. दर महिन्याला सासूबाईंच्या गोळ्यांची तारीख कोण बघणार? मी. बिस्किटांना मुंग्या लागल्या की कोण बदलणार? माझे मिस्टर अंबरनाथला कंपनीत, महिन्यातले निम्मे दिवस दुसरी पाळी. पाणी आलं त्या रात्री गाड्या बंद, ते कल्याण स्टेशनवर बसलेले. घरात मी, दोन मुली आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई. लाईट गेलेली, मोबाइलला रेंज नाही. पिशवी होती हो माझ्याकडे! बचत गटात शिकवलं होतं, छान भरली होती. पण सासूबाईंना उचलायला दुसरं माणूस नव्हतं. पिशवी खांद्याला लावून मी दारात उभी.

शेजारच्या दोन पोरांनी त्यांना खुर्चीसकट उचललं म्हणून निभावलं. तेव्हा मला विचाराल तर पिशवीच्या आधी यादी करा. कुठल्या घरात न चालणारं माणूस आहे, कुठे बाळंतीण आहे, आणि त्यांना उचलायला कोणती दोन घरं जाणार. नावानिशी. ते एका घराचं काम नाही, आळीचं आहे.

नदीकाठचा
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्या आळीत अशी तीन घरं आहेत. रविवारी बसतो.

पाड्यावरची मास्तरीण
मी शहापूर तालुक्यात डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावर शिकवते. भातसा, तानसा, वैतरणा आमच्याच तालुक्याच्या आसपास, मुंबईची तहान भागवणारी, आणि उन्हाळ्यात आमच्या पाड्यांना टँकर. असो, तो वेगळा धागा होईल.

आमच्याकडे नदीचा पूर हा प्रश्न नाही, डोंगर हा प्रश्न आहे. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. शोध थांबवला तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते, 57 माणसं ढिगाऱ्याखालीच राहिली. वाडीला गाडीरस्ता नव्हता, जेसीबी वर जाऊ शकला नाही. आणि दरडप्रवण गावांच्या यादीत तिचं नावच नव्हतं. तेव्हा यादी बघून 'आपण सुटलो' असं समजू नका.

तिथे पिशवीने काय झालं असतं? काही नाही. कळायला हवं होतं ते आधी. मी चौथीच्या मुलांना शिकवते: जमिनीला भेग पडली, झाडं किंवा विजेचे खांब कलले, झऱ्याचं पाणी एकदम गढूळ झालं किंवा ओढा भर पावसात आटला, दारं घट्ट बसायला लागली, तर घरी सांगा. गेल्या पावसात एका मुलाने खरंच येऊन सांगितलं, "बाई, आमच्या मागची भेग हात जाईल एवढी झालीय." त्या रात्री सात घरं शाळेत झोपली. दरड आली नाही. दुसऱ्या दिवशी मला दोन म्हाताऱ्यांचे बोल ऐकावे लागले, की बाईने उगाच झोपमोड केली.

खडूस कल्याणकर
मास्तरीणबाई, तुमच्यापुढे हात जोडतो. पण चौथीतल्या पोराने भेग मोजायची आणि भूगर्भतज्ज्ञांनी यादीत नाव घालायला विसरायचं, यात तुम्हाला काहीच खटकत नाही?

पाड्यावरची मास्तरीण
खटकतं. भेग मोजणं थांबवू का मग?

पेंढा
मुरबाडहून. सगळं वाचलं. गुरांचं कोणीच बोललं नाही.

तुम्ही म्हणता तिसऱ्या पायरीला निघा. आमचा बाप निघत नाही. दोन म्हशी, एक गाय, गाभण पाडी. आम्ही हात धरून ओढला तरी गोठ्यात जाऊन बसतो. त्याचं चुकलं असं मला म्हणता येत नाही, एक म्हैस आता लाखाच्या घरात जाते. जुलै म्हणजे लावणी आटोपत आलेली, हातात पैसा नाही. म्हातारी माणसं पाण्याला घाबरत नाहीत, गुरं हातची जातील याला घाबरतात, आणि गुरांसाठी मागे राहतात. पिशवीत हे कसं भरणार?

आमच्याकडे एक म्हैस पोहता येत असून गेली. दावं भिजून फुगलं, गाठ सुटेना, अंधारात विळा सापडेना. तेव्हापासून गोठ्याच्या दाराशी, डाव्या हाताला, डोक्याच्या उंचीवर एक विळा टांगलेला असतो. गवत कापायला तो कोणी घेत नाही. पोरांनाही माहीत आहे. पाणी गोठ्याच्या उंबऱ्याला लागलं की दावी कापायची आणि जनावर मोकळं सोडायचं, ते आपोआप उंचवट्याला जातं. मग बापही निघतो.

गावठी इंजिनियर
या धाग्यातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची गोष्ट. एक भर घालतो: पुराच्या पाण्यातून चालला असाल, त्यातही पायाला जखम असेल, तर पाणी ओसरल्यावर लगेच आरोग्य केंद्रात जाऊन लेप्टोच्या (घाणेरड्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाच्या) गोळीबद्दल विचारा. ताप यायची वाट बघू नका. आणि घरात परत शिरताना आधी काठी, मग पाय. माळ्यावर साप आपल्याआधी चढलेला असतो.

दुसरी पाळी
पेंढा भाऊ, विळ्याला लाल चिंधी बांधा. अंधारात बॅटरी मारली की पटकन दिसेल.

पेंढा
बांधली.